शुद्ध भाषेतली वाट

"तेवढं 'हाय' पुसा आणि 'आहे' करा. आणि 'हितं' काय? 'येथे' लिहा ना. रविवारी कस्टमर येतायत. प्रॉपर मराठी पाहिजे."

समीर सर खाली उभे राहून बोलत होते. मी आणि सुगंधा वर, दोन पिंपांवर टाकलेल्या फळीवर. सुगंधाच्या हातात ब्रश, ब्रशवर काळा रंग. भिंतीवर तिनं नुकतंच लिहिलं होतं, 'हितं वाट हाय.' 'हाय'चा काना अजून ओला होता.

माझं डोकं तिथेच फिरलं.

कोण कोण आहे ते आधी सांगते. समीर सर एका बिल्डरचे मार्केटिंग हेड. नेरळच्या बाहेर, डोंगराच्या अगदी पायाशी त्यांच्या कंपनीचे टॉवर उभे राहतायत. सुगंधा आर्टिस्ट. विशीतली, त्याच डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. ही तिची पहिली मोठी भिंत. आणि मी प्रज्ञा, लोधिवलीची. आमचा छोटा ग्रुप आहे. नवीन पोरापोरींना रंगवायला भिंती मिळवून द्यायच्या, हे आमचं काम. मी साइट कोऑर्डिनेटर. म्हणजे रंग आणायचा, पाणी आणायचं, क्लायंटशी बोलायचं आणि वाजलं की आर्टिस्टच्या पुढे उभं राहायचं. या कामाआधी मी चळवळीत पत्रकं लिहायचे. त्यामुळे पुढे उभं राहणं मला रंग आणण्यापेक्षा बरं जमतं.

"सर, हे चुकीचं मराठी नाही," मी वरूनच म्हणाले. "इथली माणसं असंच बोलतात."

"बोलू दे ना. भिंतीवर कशाला?"

खरं तर आमचं पहिल्या मीटिंगपासूनच बिनसलं होतं. तेव्हा सर म्हणाले होते, "कम्युनिटी म्युरल पाहिजे. ट्रायबल टच. वारली काढा."

सुगंधा म्हणाली, "मी ठाकर हाय."

"हो, तेच. वारली."

"वारली तिकडं डहाणूकडं. आमी ठाकर. आमचं येगळं असतंय."

"अगं, दिसायला सेमच ना सगळं? गोल, त्रिकोण, तारपा."

कर्जत-खालापुरात कुठेही जा. रिसॉर्टच्या दारावर वारली. ढाब्यावर वारली. फार्महाउसच्या पाण्याच्या टाकीवर वारली. शिळफाट्याला एका सार्वजनिक संडासावर मी वारली लग्नाचा चौक पाहिलाय. लग्नाचा! तो ज्यांचा आहे त्या वारल्यांना यातलं काही मिळत नाही. आणि इथल्या ठाकर-कातकऱ्यांना तर भिंतीवर स्वतःचा चेहराही मिळत नाही. हे सगळं मी त्या मीटिंगमध्ये बोलले. आमचा ग्रुप चालवणारा गिरीश टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता.

सुगंधानं आपलं स्केच पुढे सरकवलं.

स्केचमध्ये डोंगर. डोंगरातून उतरणारी एक पायवाट. वाटेवरून भारे, पाट्या घेऊन येणाऱ्या बाया. वाट खाली येता येता रुंद होत गेलेली, इतकी की ती भिंतीतून निघून समोरच्या डांबरी रस्त्यावर सांडेल असं वाटावं. आम्ही मॉकअप केला. मॉकअप म्हणजे भिंतीचा फोटो काढायचा आणि त्यावर कंप्युटरनं चित्र चिकटवून क्लायंटला दाखवायचं, की तुमची भिंत उद्या अशी दिसेल. सरांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"डेप्थ आहे यार," ते म्हणाले. "भिंत आहे असं वाटतच नाही. गो अहेड. वर एक टॅगलाइन लागेल, ती मी नंतर देतो."

टॅगलाइन त्यांनी दिली नाही. ते लोक देत नाहीत. त्यावरून पुढचं सगळं झालं.

आम्ही भिंत घासली, प्रायमर मारला. प्रायमर हा खालचा पांढरा हात. तो नसेल तर सिमेंट रंग पिऊन टाकतं. मग ग्रिड पाडली. कागदावरच्या चित्राला चौकोन आखायचे, त्याच हिशोबानं भिंतीवर मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. ग्रिड पाडताना सुगंधानं वाट मध्यावर घेतली नाही. डावीकडे सरकवली.

"मध्यावर घे ना गं," मी म्हणाले. "बॅलन्स जातोय."

"हितंच पायजे."

"पण का?"

"हितंच पायजे ताई."

आर्टिस्ट आहे, तिचं ती बघेल, असं म्हणून मी पाणी आणायला गेले.

वाटेतल्या बाया रंगवून होत आल्या, तेव्हा खऱ्या बाया आल्या. डांबरी रस्त्यानं, डोक्यावर करवंदांच्या पाट्या घेऊन, उन्हात. सगळ्यांत पुढे सुगंधाची चुलती, चांगुणाकाकी. तिनं पाटी उतरवली नाही. तशीच भिंतीसमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय गं सुगंधे, भितीवर वाट काडलीस! आता चालू कशी? पालीसारकी चडू?"

बाया फिदीफिदी हसल्या.

"चड ना काकी. तुला कोन आडवतंय?"

"वाचमन!"

पुन्हा हसल्या. सुगंधाही हसली. मी पण हसले, पण मला कळलं नव्हतं. बाया पुढे गेल्या आणि मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

सुगंधा ब्रश धूत बसली. धूतच बसली. मग म्हणाली, "वाट हितंच हुती."

"कुठे?"

"ह्या भितीच्या जागी. वाडीवरनं सरळ खाली नेरळच्या बाजारात. माझी आजी ह्याच वाटेनं नांदायला आली. मंग भित आली."

भिंत आल्यापासून वाडीची माणसं नाल्याच्या कडेनं लांबून फिरून येतात, जिथून यांचे डंपर जातात त्या रस्त्यानं. काकीच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा झोळीत घालून तिला त्याच रस्त्यानं नेली. दवाखान्यापर्यंत पोचली नाही. डंपरच्या धुळीत, रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. पोर जगलं. सुगंधानं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, ब्रशचे केस सरळ करत.

कायद्यात याला वहिवाट म्हणतात. माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनं चालत आली ती वाट, जमीन कुणाचीही असो, अशी एकदम कुणाला बंद करता येत नाही. वाडीनं तहसीलदार साहेबांकडे अर्ज केला होता. साहेब तारीख देत होते. बिल्डरचा वकील म्हणत होता, इथे वाट कधी नव्हतीच.

माझ्या पायांना एका जागी थांबवेना. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. "आणि आपण यांच्यासाठी ही भिंत सजवतोय? कम्युनिटी म्युरल म्हणून? तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"आदी सांगितलं असतं तं तू मीटिंगमदीच भांडली असतीस. मंग भित मिळाली नसती."

तिनं पिंप सरकवलं, फळीवर चढली आणि टॅगलाइनच्या रिकाम्या जागेत आपल्या मनानं लिहिलं, 'हितं वाट हाय.' आणि तेवढ्यात समीर सरांची गाडी आली.

तर, ते खाली आणि आम्ही वर.

"सर," मी म्हणाले, "शुद्ध म्हणजे कुणाचं? ज्यांची वाट, त्यांच्या तोंडची भाषा तुम्हाला चालत नाही? त्यांचे भारे चालतात चित्रात, पाट्या चालतात, पातळं चालतात. त्यांनी तोंड उघडलं की अशुद्ध?"

पत्रक चांगलं चाललं होतं. मी अजून दोन-तीन परिच्छेद सहज बोलले असते.

"मॅडम, मला लेक्चर नको," सर म्हणाले. "मेन गेटचा बोर्ड बघा. 'हा आम रस्ता नाही.' किती क्लीन आहे. तसं पाहिजे. तोच फॉन्ट, तोच काळा. साइटवर सगळं ब्रँडिंग एकसारखं दिसलं पाहिजे. लिहा, 'येथे वाट आहे.' खाली आपला लोगो येईल. आणि त्यावर टॉपकोट ग्लॉसमध्ये मारा. शाइन पाहिजे."

वाटेचं वाक्य त्यांना एखाद्या कवितेसारखं वाटत असावं. निसर्गाकडे जाणारी वाट, असं काहीतरी. वाडीची तारीख त्यांना ठाऊकच नव्हती. ते खातं वकिलाचं, हे खातं मार्केटिंगचं.

मी तोंड उघडलं. सुगंधानं मागून माझा कुर्ता खेचला.

"लिवते सर," ती म्हणाली. "तुमाला पायजे तसंच लिवते."

"सुगंधा!"

"गप गं."

सर खूश होऊन गेले. गाडी वळायच्या आत मी सुरू केलं. "तुझी भाषा आहे ती! तुझ्या आजीची! तो कोण टाय लावून येणार आणि..."

"ताई," ती म्हणाली, "तुला 'हाय' पायजे. मला वाट पायजे."

"म्हणजे?"

"'हितं वाट हाय' आसं लिवलं, तं ठाकराची पोर बोलली. कोन आयकतंय? 'येथे वाट आहे' आसं लिवलं, तं कंपनी बोलली. त्यांच्याच अक्षरात. खाली लोगो पन देतायत."

मी फळीवर बसले. मग मला इतकं हसू आलं की प्रायमरचा मग खाली पडला.

तिनं गेटवरच्या बोर्डावर पातळ कागद धरून अक्षरं उतरवून घेतली. वॉचमननं विचारलं, "काय करता गं पोरींनो?" ती म्हणाली, "सायबांनी सांगितलंय काका. अक्षर वळनदार पायजे." खोटं काहीच नव्हतं त्यात. तिनं 'येथे वाट आहे' इतकं नेटकं लिहिलं की बोर्डाचाच भाऊ शोभावा. फक्त मधलं 'वाट' तिनं बरोबर चित्रातल्या वाटेच्या डोक्यावर घेतलं. खाली लोगो. वाटेच्या कडेला, अगदी खाली, तिचं नाव. तेवढं मात्र तिनं तिच्या अक्षरात लिहिलं. मग वरून टॉपकोट, ग्लॉसमध्ये. हा शेवटचा पारदर्शक हात. ऊन, पाऊस, पानाच्या पिचकाऱ्या यातलं काही चिकटू देत नाही.

रविवारी कस्टमर आले. डोंबिवलीचे एक गृहस्थ बायको-मुलांसह भिंतीसमोर फोटो काढत होते. त्यांनी सेल्सच्या मुलीला विचारलं, "ही ट्रेकची वाट का? सुरू कुठून होते?"

ती बिचारी म्हणाली, "सर, कमिंग सून."

तेवढ्यात चांगुणाकाकी आणि बाया आल्या. थेट मेन गेटवर.

"वाचमन, वाट दाव."

"कसली वाट?"

"लिवलंय की भितीवर. मला वाचता येत नाय, पोरीनं वाचून दावलं. तुमच्याच कंपनीचा शिक्का हाय खाली."

वॉचमननं गेटवरच्या बोर्डाकडे बोट केलं. "आन ह्ये बघ काय लिवलंय. आम रस्ता नाय."

"मंग खरं कंचं ते सांग. दोनी तुमीच लिवलंय."

डोंबिवलीचे गृहस्थ आधी भिंतीकडे बघायला लागले, मग बोर्डाकडे, मग सेल्सच्या मुलीकडे. त्यांच्या मुलानं मोबाइलवर दोन्हींचा एकत्र फोटो काढला. बायांनी गेटसमोर पाट्या मांडल्या, कस्टमरना करवंदं विकली आणि निघून गेल्या. ना घोषणा, ना धक्काबुक्की. मला सवय नाही अशी. मी तिथं नुसती येरझाऱ्या घालत होते.

संध्याकाळी गिरीशचा फोन. "प्रज्ञा, तू पत्रक लिहीत नाहीयेस. भिंत रंगवतेयस."

"मी काहीच लिहिलं नाही. वाक्य त्यांचं, फॉन्ट त्यांचा, लोगो त्यांचा."

गिरीश मुद्द्यावर आला. "ते म्हणतायत, त्या ओळीवर पांढरा मारा. नाहीतर पुढची एकही भिंत नाही."

"त्यांची भिंत आहे, मारू देत. आम्ही हात लावणार नाही."

"तू ना..." एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. पण आम्हाला मारायला लावलं नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते.

त्यांनी स्वतःचे मजूर लावून त्या ओळीवर स्वस्तातला डिस्टेंपर मारला. आता ग्लॉस टॉपकोट आधी घासल्याशिवाय त्यावर डिस्टेंपर धरत नाही. वाळला की पापुद्रे सुटतात. तसे सुटले. पांढऱ्यातून काळी अक्षरं डोकवायला लागली आणि जे आधी नुसतं वाचलं जात होतं ते आता थांबून वाचलं जायला लागलं. लपवलेलं वाचायला लोकांना आवडतं. टेंपोवाले स्पीड कमी करून बघत जायचे.

वाडीच्या पोरांनी फोटो घेऊन पुढची तारीख गाठली. साहेब म्हणाले, जागेवर येऊन बघतो. आणि आले.

साहेब शांत माणूस. त्यांनी आधी भिंत वाचली. मग म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

"आर्टिस्टनं, सर," समीर सर घाईनं म्हणाले. "आर्टिस्टिक आहे ते. म्हणजे, सिम्बॉलिक."

"कोण आर्टिस्ट?"

सुगंधा पुढे झाली. "मी. पन सरांनी सांगितलं तसंच लिवलं. माझं येगळं हुतं."

"काय होतं?"

"हितं वाट हाय."

"मग फरक काय झाला?"

"सरांना शुद्ध पायजे हुतं."

साहेबांसोबतचा शिपाई तोंड फिरवून हसला. वकील समीर सरांकडे असा बघत होता की मला सरांची थोडी दया आली. थोडीच.

मग साहेब आत शिरून भिंतीच्या मागे गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागे. तिथं गवत होतं, खडी पडली होती, आणि त्यातून एक घट्ट, बोडकी, पायांनी गुळगुळीत झालेली पट्टी डोंगराकडून येत होती. तिच्यावर गवत उगवलं नव्हतं. ती सरळ येऊन भिंतीला डोकं टेकवून थांबली होती. साहेबांनी खडीच्या ढिगावर चढून भिंतीवरून पलीकडे मान काढून बघितलं. पलीकडे, त्याच जागी, बरोबर तिथूनच सुगंधाची रंगवलेली वाट सुरू होत होती.

बॅलन्स का जात होता ते मला तेव्हा कळलं.

"इथं उघडा," साहेब म्हणाले.

भिंत फोडायला ब्रेकर आला त्या दिवशी मी सुगंधाशेजारी उभी होते. तिची पहिली भिंत. चित्रातल्या बायांचे पाय आधी गेले, मग पाट्या, मग करवंदांचा जांभळा रंग. तो काढायला तिनं किती हात मारले होते ते मी बघितलं होतं. वाटेच्या कडेचं तिचं नाव ढिगाऱ्यात गेलं. मला रडू येत होतं. तिला येत नव्हतं. ती ब्रेकरवाल्याला सांगत होती, "दादा, थोडं डावीकडं अजून."

धूळ बसली तेव्हा ओळीतला मधला शब्द गेला होता. भिंतीच्या या तुकड्यावर 'येथे' उरलं, त्या तुकड्यावर 'आहे'. मध्ये वाट. खरी.

चांगुणाकाकी पहिली आली. डोक्यावर फाट्यांचा भारा. भोकापाशी आली, आत शिरली आणि अडकली. भारा दोन्ही बाजूंनी भिंतीला घासला. तिनं तो आडवाउभा करून पाहिला, मग तिरकी होऊन निघाली आणि खाली उतरल्याबरोबर पुतणीवर तुटून पडली.

"काय गं ही वाट! काडताना चांगली रुंद काडली हुतीस!"

"ती भितीवरची हुती काकी."

"मंग तशीच कर."

आता बिल्डर तिथं लोखंडी फाटक बसवायचं म्हणतोय. फाटक रुंद करायचं का आणि त्याची किल्ली वॉचमनकडे की वाडीवर, यावर वाद पेटलाय. त्या कंपनीनं आम्हाला पुन्हा काम दिलं नाही. गिरीश दर महिन्याला एकदा मला त्याची आठवण करून देतो. सुगंधाला दुसरी भिंत मिळाली, कर्जतला, एका शाळेची. तिथं तिनं नाव आधी लिहिलं आणि चित्र नंतर काढलं.

मीही एक गोष्ट बदलली. क्लायंटनं शब्द शुद्ध करायला सांगितला की मी लगेच भांडत नाही. आधी त्याच्या गेटवरचा बोर्ड वाचून येते.